‘कोण हे?’

एआयवर चित्रांचे इतके प्रयोग केलेस, त्यातले आवडते कुठले, असं बऱ्याच जणांनी विचारलंय. दोन सांगते.

पहिला सोपा. २०२२च्या ऑगस्टमध्ये स्टेबल डिफ्यूजन सगळ्यांसाठी खुलं झालं. ते सुरुवात करतं नुसत्या मुंग्यांपासून, जुन्या टीव्हीवर यायच्या ना, तशा. त्या पुसत पुसत चित्र काढतं. कुठल्या मुंग्या घ्यायच्या हे ‘सीड’ नावाचा आकडा ठरवतो. मी सीड तोच ठेवला आणि वाक्यातला एकच शब्द बदलला: सकाळ, दुपार, तिन्हीसांज. मांडणी बरीचशी तीच राहते, उजेड बदलतो. प्रकाशाच्या अभ्यासाला झकास!

दुसरा बाबांच्या फोटोचा. आमच्याकडे एकच आहे, पुसट, गालावर डाग पडलेला. आपलं चित्र द्यायचं आणि ते किती बदलू द्यायचं याचा ० ते १ मधला आकडा द्यायचा. ०.३ला डाग तसाच. ०.७ला माणूस एकदम स्वच्छ, तरतरीत. खूश होऊन आईला दाखवलं. चष्मा लावून बघत राहिली, म्हणाली, “छान आहे गं. कोण हे?”

बरोबरच आहे. डागाखाली काय होतं ते त्याला माहीतच नाही. शिकलेल्या असंख्य चेहऱ्यांवरून काहीतरी बेतून बसवतं. मग मी कोळसा घेतला. आई शेजारी बसून सांगत होती, नाक एवढं सरळ नव्हतं, कान जरा बाहेर होते. डागाच्या जागी कागद कोराच सोडला.

०.७ची ती चित्रं मात्र पुसलेली नाहीत. फोल्डरचं नाव ठेवलंय, ‘कोण हे’.