अर्जासोबत काय न्याल?

मेकअप करून मघापासून विंगेत ताटकळलेल्या कलाकारांनो, संध्याकाळ तुमची आहे, मी थोडक्यातच बोलेन. ज्या मुलामुलींना पुढे चित्रकला, शिल्प, नाटक, गाणं किंवा नृत्यच शिकायचंय, पण घरी ते अजून बोलता आलेलं नाही, त्यांच्याशी मला आज बोलायचं आहे. पालकांनीही ऐकावं, ही विनंती.

आपल्या अलिबाग तालुक्यातल्या सासवण्याचे शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर तुम्हाला ठाऊक असतील. जन्म १८९१ चा. घरी गणपतीच्या मूर्ती घडत, त्यात हात बसलेला. गावातल्या देवळाच्या भिंतीवर त्यांनी शिवाजी महाराजांचं चित्र काढलं होतं. कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या ते नजरेस पडलं आणि त्यांनी या मुलाची मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकायची सोय केली. पुण्यातला १९२८ चा अश्वारूढ शिवाजी महाराजांचा पुतळा याच करमरकरांचा. त्यांच्या सासवण्याच्या घरात आता संग्रहालय आहे. तिथली म्हैस एकदा जवळ उभं राहून बघा. म्हैस वर्षानुवर्षं बघितल्याशिवाय अशी घडवता येत नाही.

तुमची भिंत बघायला आता कुणी गावात येणार नाही. ती तुम्हालाच उचलून न्यायची आहे. प्रवेश परीक्षेचा, म्हणजे सीईटीचा फॉर्म, पोर्टफोलिओ, ऑडिशन हे सगळं त्यासाठीच असतं. आणि तिथे तुम्ही स्वतः काय पाहिलंत, काय ऐकलंत, एवढंच मोलाचं ठरतं, असं माझं ठाम मत आहे.

चित्रकलेचं उदाहरण घेऊ. बीएफए ही चार वर्षांची पदवी. तिच्यासाठी राज्याच्या सीईटीत संकल्पचित्र, वस्तुचित्र आणि स्मरणचित्र काढावं लागतं, शिवाय सामान्य ज्ञानाचा पेपर असतो. एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षा दिलेल्यांना ही नावं नवी नाहीत. मी मुलांकडून याचा सराव करून घेतो. समोर पितळी तांब्या, दोन कांदे, एक चुरगळलेलं कापड. खिडकी उजवीकडे, म्हणजे सावल्या डावीकडे पडलेल्या. तरी काही कागदांवर सावली उजवीकडेच असते! मुलाचा हात चांगला असतो, छटाही सुरेख असतात, पण त्याने तांब्याकडे मान वर करून पाहिलेलंच नसतं. क्लासमध्ये घोटलेला तांब्या त्याने कागदावर उतरवलेला असतो. स्मरणचित्राचंही तेच. विषय बाजाराचा आला की पाठमोरी, डोक्यावर पाटी घेतलेली तीच ती बाई प्रत्येक कागदावर. अरे, तुम्ही समुद्राकाठची मुलं! कोळीण माशाचे तुकडे करताना कोयत्यासमोर कशी बसते, गिऱ्हाईक घासाघीस करताना कमरेवर हात कसा ठेवतं, हे तुमच्याइतकं कुणी बघितलंय? ते काढा. रोज खिशात मावेल एवढी वही ठेवा आणि एसटी स्टँडवर, जेट्टीवर, आजी भाजी निवडत असताना रेषा मारा. पोर्टफोलिओ मागितला जाईल तिथे मोबाइलवरून उतरवलेली नट-नट्यांची पोर्ट्रेट बाजूला ठेवून या वहीतली पानं न्या. खाडाखोड असली तरी न्या. तुमचा विचार कुठून कुठे गेला, ते खाडाखोडीतच दिसतं.

नाटकवाल्यांनो, दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचं, एनएसडीचं, नाव तुमच्या ओठांवर असतं. असायलाच हवं. १९५९ मध्ये सुरू झालेली ही संस्था, आपल्या रोहिणी हट्टंगडी तिथेच शिकल्या. पण तिथला तीन वर्षांचा अभ्यासक्रम पदवीनंतरचा आहे, अर्ज करताना नाटकांतल्या कामाचा अनुभवही दाखवावा लागतो. म्हणजे बारावीनंतरची वर्षं एकांकिका, राज्य नाट्य स्पर्धा, बॅकस्टेज, प्रकाशयोजना, जे मिळेल ते करण्याची आहेत. बारावीनंतर लगेच शिकायचं असेल तर पुणे विद्यापीठात १९८७ साली सुरू झालेलं ललित कला केंद्र आहे. सतीश आळेकरांनी ते बरीच वर्षं सांभाळलं. तिथे नाटकाबरोबर संगीत आणि नृत्यही शिकता येतं. ऑडिशनला जाताना सिनेमातल्या कुणाची नक्कल नेऊ नका. ज्या नाटकातला उतारा म्हणणार, ते नाटक आधी पूर्ण वाचा. त्या माणसाला हे वाक्य आत्ताच का बोलावंसं वाटलं, असं परीक्षकांनी विचारलं, तर उत्तर पाठांतरातून निघणार नाही.

गाणाऱ्यांना एवढंच सांगेन. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या मध्यमा, विशारदची प्रमाणपत्रं जवळ असावीत, पण परीक्षक शेवटी तुमचा सा ऐकणार. दहा रागांची नावं सांगण्यापेक्षा एक यमन मन लावून गाऊन तयार ठेवा.

आता पालकांशी. ‘यातून पोट भरेल का?’ हा प्रश्न तुम्ही विचारता, आणि तो रास्त आहे. मुलांनो, त्याला चिडून उत्तर देऊ नका. उपयोजित कला शिकलेली मुलं जाहिरात, पुस्तकं, अ‍ॅनिमेशन यांत काम करतात, काही एटीडी, म्हणजे कलाशिक्षक पदविका करून शाळेत शिकवतात, नाटकवाले मालिकांत लिहितात, नेपथ्य करतात. सगळ्यांनाच स्थिर पगार मिळतो, असं मी म्हणणार नाही. पहिली काही वर्षं ओढाताणीची असतात, त्याची घरात मोकळेपणाने बोलणी व्हायला हवीत. शासकीय कॉलेजं मुंबईबाहेर नागपूरला आणि छत्रपती संभाजीनगरलाही आहेत. फी भरणं जड जात असेल तर आधी तिथली चौकशी करा आणि महाडीबीटीवरच्या शिष्यवृत्त्या बघा. गोव्यात पणजीच्या आल्तिनोवर कला महाविद्यालय आहे. जे. जे. मात्र २०२३ पासून अभिमत विद्यापीठ झालं आहे, त्यामुळे तिथल्या प्रवेशाचे नियम थेट त्यांच्याकडूनच समजून घ्या. बाकी तारखांसाठी सीईटी कक्षाचं संकेतस्थळ स्वतः उघडा, मित्राच्या व्हॉट्सअ‍ॅपवर विसंबू नका. चांगल्या हाताची मुलं निव्वळ तारीख चुकल्याने वर्षभर घरी बसतात, त्याचं मला फार वाईट वाटतं.

बक्षीस वाटप झाल्यावर मी तासभर चित्रकलेच्या वर्गात थांबणार आहे. वही असेल तर वही आणा, गाणं म्हणायचं असेल तर तिथेच म्हणा. आईबाबांना बरोबर घेऊन आलात तर फारच उत्तम, फीचं आणि राहण्याच्या सोयीचं त्यांच्याशीच बोलता येईल.