घरातील जखमा आणि उपवासकाळाची शिकवण



ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजले आहे, त्या आपल्या दिवंगत मुख्याध्यापकांच्या वर्गात हिंदू आणि ख्रिस्ती मुले एकाच बाकावर बसत. म्हणूनच आजचा विषय त्यांना परका वाटला नसता, असे मी मानतो. ख्रिस्ती उपवासकाळ आणि त्या काळात कुटुंबातील जुन्या दुखण्यांना मिळणारा उतार, हा तो विषय होय. मी स्वतः ख्रिस्ती नाही. वारकरी घरात वाढलेला मराठीचा अध्यापक आहे. काही ग्रंथांमुळे आणि काही घरातल्या अनुभवामुळे मी या विषयापर्यंत पोहोचलो.

गोव्यात ज्याला कोरेज्म म्हणतात, तो काळ भस्म बुधवारी कपाळावर राख घेऊन सुरू होतो. पुनरुत्थानाच्या सणाच्या आदल्या दिवसापर्यंत दिवस 46 भरतात; परंतु रविवार उपवासाचे नसल्यामुळे ते वगळून 40 मोजण्याची रीत आहे. उपवास, दानधर्म आणि प्रार्थना ही या काळाची तीन अंगे. या तिन्हींचा हेतू मात्र एकच, मनाने परत फिरणे.

परत फिरण्याचा हा विचार आपल्या भूमीत आला तो घरे दुभंगण्याच्या काळात. सोळाव्या शतकात धर्मांतरामुळे गोव्यातील कितीतरी कुळांची फाळणी झाली. एक शाखा साष्टी-तिसवाडीत राहिली, दुसरी कुलदेवतेची मूर्ती घेऊन नदीपलीकडे गेली. फादर थॉमस स्टीफन्स 1579 साली गोव्यात आले, ते या पार्श्वभूमीवर. त्यांचे क्रिस्तपुराण 1616 साली राचोल येथे छापले गेले. जे नव्याने ख्रिस्ती झाले होते, त्यांची पुराणे सुटली होती आणि पुराणांबरोबर ओवीही सुटली होती. स्टीफन्स यांनी ती ओवी त्यांना परत दिली. झालेली फाळणी काही त्यामुळे पुसली गेली नाही. परंतु दुःखाला आपल्या ओळखीची भाषा मिळाली, की ते सोसण्याची शक्ती येते, हे आपण जात्यावरच्या ओवीवरूनही जाणतो.

आता उपवासकाळातील वाचनांकडे वळू. रोमन परंपरेत दुसऱ्या आठवड्याच्या शुक्रवारी योसेफाची कथा वाचली जाते. बापाच्या लाडक्या मुलाला त्याचेच भाऊ विकून टाकतात. लगेच दुसऱ्या दिवशी, शनिवारी, लूकच्या शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राचा दृष्टान्त येतो. 1969 च्या सुधारणेपूर्वी त्याच शनिवारी आणखी एक कथा वाचत असत. याकोब आंधळ्या बापाला फसवून थोरल्या भावाचा, एसावाचा, आशीर्वाद मिळवतो, ती कथा. प्रायश्चित्ताच्या काळात माणसाच्या पापाचा विचार करताना या परंपरेने भावाभावांतील आणि बापलेकांतील जखमाच समोर ठेवल्या, ही गोष्ट मला अतिशय अर्थपूर्ण वाटते.

या कथांचा एक विशेष असा, की त्या दुखावलेल्या माणसाला गप्प बसवीत नाहीत. फसवला गेलेला एसाव मोठ्याने आक्रोश करतो आणि ग्रंथ तो आक्रोश नोंदवून ठेवतो. उधळ्या पुत्राच्या दृष्टान्तातील थोरला भाऊ अंगणातच थांबतो. इतकी वर्षे राबलो, त्याचे काय, असे बापाला विचारतो. बाप त्याची समजूत घालायला स्वतः बाहेर येतो. पुढे तो आत गेला की नाही, हे येशू सांगतच नाही. घरोघरी असा एक थोरला भाऊ अंगणात उभा असतो. त्याला हात धरून ओढण्याची घाई या दृष्टान्ताला नाही.

दुसरा विशेष याहून महत्त्वाचा आहे. वीस वर्षांनंतर एसाव धावत येऊन याकोबाला मिठी मारतो आणि दोघे रडतात. मात्र त्यानंतर एसाव सेईरला जातो, याकोब सुक्कोथला. मने जुळली, तरी एका छपराखाली राहणे झाले नाही. क्षमा वेगळी आणि पूर्वीचे घर पुन्हा उभे राहणे वेगळे, हा भेद त्या प्राचीन कथाकाराने जाणला होता.

हा भेद मी माझ्या घरात पाहिला, म्हणून थोडे खाजगी बोलण्याची परवानगी घेतो. माझ्या थोरल्या बहिणीने 1968 साली एका ख्रिस्ती तरुणाशी विवाह केला. वडिलांनी तिचे नाव घेणे सोडले. आई सणासुदीला तिचे पान मनातल्या मनात वाढीत असे. ताईच्या पहिल्या बाळंतपणात आमच्या घरातून कोणीही गेले नाही; तिच्या सासूबाईंनी सारे निभावले. पुढे ताई मला म्हणाली, "गुड फ्रायडेला योहानाची कथा वाचतात ना, त्यात क्रुसावरून येशू आपली आई शिष्याच्या हवाली करतो. दरवर्षी ते ऐकते आणि वाटते, मलाही कोणाच्या तरी हवाली केलेच होते. तेव्हापासून बाबांचा राग धरून बसणे जमेना."

1989 साली वडील अंथरुणाला खिळले. तो कोरेज्मचाच काळ होता. ताईकडून रोज सकाळी पेज येऊ लागली. ती कोठून येते हे वडिलांनी कधी विचारले नाही आणि आम्हीही सांगितले नाही. भांडे रिकामे होऊन परत जाई, एवढेच. वडील गेले तेव्हा दोघांची भेट झालेली नव्हती. तरीही ताई शांत होती. क्षमा करायला वडिलांच्या होकाराची वाट तिने पाहिली नव्हती.

मराठी साहित्यात याचे थोर उदाहरण म्हणजे लक्ष्मीबाई टिळक. नारायण वामन टिळकांनी 1895 साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि लक्ष्मीबाईंचा संसार उन्मळून पडला. सुमारे पाच वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या पतीकडे आल्या आणि 1900 साली त्यांनी स्वतःही बाप्तिस्मा घेतला. स्मृतिचित्रांत ते दुःख त्यांनी लपविलेले नाही. त्यावर त्या हसूही शकल्या. 1919 साली टिळक गेले, तेव्हा त्यांचे ख्रिस्तायन अपुरे होते. ते पुरे केले लक्ष्मीबाईंनी. ज्या श्रद्धेने घर मोडले होते, तिच्याच नायकाचे चरित्र त्यांनी ओवीत गायिले. जखम बरी झाल्याची याहून मोठी खूण मला ठाऊक नाही.

मित्रहो, आपापल्या घरी असे एखादे न उच्चारले जाणारे नाव असेल. चातुर्मास असो वा कोरेज्म, अशा व्रतकाळाचे देणे हेच, की दुखण्यासाठी तो काही दिवस राखून ठेवतो. त्या दिवसांत ते दुःख नावानिशी उच्चारावे, दुसऱ्याकडून काही मागू नये आणि हातून होईल तेवढी एक लहानशी कृती नेमाने करावी. समोरचे दार उघडेल किंवा उघडणार नाही; आपल्या मनाचे दार उघडण्यासाठी त्याची वाट पाहावी लागत नाही.

मुख्याध्यापकांच्या स्मृतीला वंदन करतो.