अतिजोखमीच्या मुलांचा हक्क



आज एकाच विषयावर बोलणार आहे: लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगातला अतिजोखीम गट आणि त्याच्यासाठीचं संशोधन.

1948 साली बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी अमिनोप्टेरिनचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. सोळापैकी दहा मुलांना उतार पडला होता, पण तात्पुरता. ते औषध आलं होतं अमेरिकेत काम करणाऱ्या, मूळच्या भीमावरमच्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूकडून. पुढे मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयात डोनाल्ड पिंकेल यांनी अनेक औषधांची सांगड घातली आणि मेंदूच्या आवरणात दडणाऱ्या कर्कपेशींवरही उपचार सुरू केले. आज प्रगत देशांत लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया झालेल्या दहापैकी नऊ मुलं बरी होतात.

अतिजोखमीच्या मुलांच्या पदरात मात्र हे यश पुरतं पडलेलं नाही. वय एक वर्षाच्या आत किंवा दहाच्या पुढे, निदानाच्या वेळी पांढऱ्या पेशी 50,000 च्या वर, फिलाडेल्फिया गुणसूत्र, केएमटी2ए जनुकातला बिघाड, किंवा उपचाराच्या पहिल्या टप्प्यानंतरही दहा हजार पेशींमागे उरलेली एखादी कर्कपेशी, अशा खुणांवरून आपण त्यांना ओळखतो. वर्षानुवर्षं त्यांच्यासाठी आपल्याकडे मुख्य उपाय एकच होता: केमोथेरपी आणखी कडक करायची. त्याची किंमत वॉर्डात काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. रक्तपेशींचे काउंट पडतात, ताप चढतो आणि आजार आटोक्यात येत असतानाच जंतुसंसर्गाने मूल हातचं जातं.

म्हणून माझं ठाम मत आहे की या मुलांसाठी पुढची वाट नेमक्या औषधांची आहे. फिलाडेल्फिया गुणसूत्र असलेल्या मुलांना केमोथेरपीबरोबर सलग इमॅटिनिब दिल्यावर, तीन वर्षं आजार न उलटता राहणाऱ्यांचं प्रमाण पूर्वीच्या 35 टक्क्यांवरून 80 टक्क्यांवर गेलं. अमेरिकेतल्या चाचणीचे हे निष्कर्ष 2009 साली आले. ब्लिनाट्युमोमॅबचं एक टोक कर्कपेशीवरच्या सीडी19 ला धरतं, दुसरं टोक मुलाच्याच टी पेशीला, आणि दोघींची गाठ घालून देतं. हे औषध अठ्ठावीस दिवस अखंड शिरेतून द्यावं लागतं. पंपाची पिशवी पाठीला अडकवून मुलं वॉर्डात खेळत असतात. केएमटी2ए बिघाड असलेल्या तीस तान्ह्या बाळांना केमोथेरपीच्या जोडीला त्याचा एक कोर्स दिला, तेव्हा दोन वर्षं आजारमुक्त राहण्याचं प्रमाण सुमारे 82 टक्के निघालं. आधीच्या चाचणीत ते 49 टक्के होतं. 2023 साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास छोटा आहे, पण इतक्या अवघड आजारात असा फरक क्वचितच दिसतो.

कार-टी पेशींचा उपचार, म्हणजे रुग्णाच्याच टी पेशी कर्कपेशींना ओळखतील अशा बदलून परत देणं, लहान मुलांमध्ये 2012 साली फिलाडेल्फियात पहिल्यांदा एका मुलीला मिळाला. आपल्याकडे आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक रुग्णालयाच्या सहकार्यातून घडलेल्या नेक्सकार19 ला ऑक्टोबर 2023 मध्ये मान्यता मिळाली. परदेशातल्या उपचारापेक्षा तो कितीतरी स्वस्त आहे, तरी खर्च लाखांच्या घरात जातो. शिवाय ती मान्यता पंधरा वर्षं आणि त्यापुढच्या रुग्णांसाठी होती. लहानग्यांपर्यंत तो सुरक्षितपणे पोहोचवणं हे आपलं काम आहे.

त्यासाठी आपल्या मुलांवरचा अभ्यास आपणच करायला हवा. एक साधं उदाहरण देतो. उपचाराच्या दीड-दोन वर्षं घरी चालणाऱ्या टप्प्यात आई रोज संध्याकाळी सिक्स-एमपी या केमोथेरपीच्या औषधाची गोळी मोडते: कधी अख्खी, कधी अर्धी. एनयूडीटी15 जनुकात बदल असलेल्या मुलाचे काउंट त्याच गोळीने धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतात, आणि हा बदल युरोपीय मुलांपेक्षा आशियाई मुलांत जास्त आढळतो. परक्या मुलांवर ठरलेला डोस डोळे झाकून आपल्या मुलांना कसा लावायचा? मुंबई, कोलकाता, दिल्ली, चंदीगड आणि चेन्नईतल्या केंद्रांनी आयसीआयसीएलई या संशोधन गटातून एकत्र येऊन चाचणी उभारली, ती म्हणूनच मोलाची आहे.

शासनाला माझी विनंती आहे: सरकारी योजनेतून उपचार घेणाऱ्या प्रत्येक मुलाची जनुकीय तपासणी आणि उरलेल्या कर्कपेशींची तपासणी वेळेत व्हावी. या दोन तपासण्यांशिवाय अतिजोखमीचं प्रत्येक मूल ओळखता येत नाही, मग नेमकं औषध कुणाला देणार?

आणि तालुक्या-तालुक्यांत काम करणाऱ्या माझ्या डॉक्टर मित्रांनो, तुमच्याकडे एकच मागणं आहे. ताप हटत नाही, मूल पांढरंफटक दिसतंय, हाडं दुखतात म्हणून रडतंय, अशा वेळी रक्ताची तपासणी आणि स्मिअर पाहिल्याशिवाय स्टेरॉइड देऊ नका. त्याने चार दिवस बरं वाटतं, पण आजार झाकला जातो आणि जोखमीचा अंदाज चुकतो. संशय आला की मुलाला त्याच दिवशी मोठ्या केंद्रात पाठवा. अतिजोखमीच्या मुलाचा उपचार तुमच्या दवाखान्यातच सुरू होतो.