गिअरबॉक्समधील तेल केव्हां बदलावें?

मोटार बाळगणाऱ्या गृहस्थाला साधारणपणें दोन तेलांची काळजी असते. टाकींतील डिझेलची आठवण त्याचा खिसा करून देतो, आणि इंजिनांतील तेलाची आठवण वर्कशॉपवाले करून देतात. तिसरें एक तेल मात्र त्याच्या गाडीच्या पोटांत वर्षानुवर्षें मुकाट्यानें फिरत असतें व त्याची आठवण करून देणारें कोणी नसतें. ज्या गाडींत डाव्या पायाला काम नसतें आणि गिअर आपोआप बदलतात, त्या गाडीच्या गिअरबॉक्समधील हें तेल होय. तें केव्हां बदलावें, किंबहुना बदलावें कीं नाहीं, हा प्रश्न दिसावयास लहान आहे. पण त्याचें उत्तर चुकलें तर कांहीं हजारांच्या खर्चाऐवजीं कांहीं लाखांचा खर्च दारांत येऊन उभा राहतो.

पुण्यांतील अशा एका कुटुंबाची कल्पना करावी. घरांत आठ गिअरांची, सात माणसें बसतील अशी एसयूव्ही आहे. गाडीला सात वर्षें पुरीं झालीं आहेत व मीटरवर ६८,००० किलोमीटर दिसतात. आठवड्याचे पांच दिवस हिंजवडीच्या गर्दींतून कचेरी गांठावयाची, आणि सुटी लागली कीं खंबाटकीचा घाट व वाईपुढील पसरणीचा घाट चढून महाबळेश्वर. कुटुंबप्रमुखानें तेलाविषयीं चौकशी केली तेव्हां तीन तोंडांतून तीन उत्तरें आलीं. वर्कशॉपच्या टेबलापाशीं बसलेला तरुण म्हणाला, "सर, हें लाइफटाइम तेल आहे, बदलण्याची गरज नाहीं." गल्लींतील जुना मेकॅनिक म्हणाला, "साहेब, चालतंय तोंवर हात लावूं नका. जुन्या बॉक्सला नवें तेल सोसत नाहीं." आणि मेहुण्यानें सांगितलें, "दाजी, मशीन लावून सगळें धुवून टाका, म्हणजे कटकट मिटली." तिघांच्याहि बोलण्यांत सत्याचा थोडाथोडा अंश आहे, आणि म्हणूनच गोंधळ अधिक.

या तेलाला करावें लागणारें काम पाहिलें म्हणजे गोंधळ बराचसा उलगडतो. इंजिनांतील तेलाचें मुख्य काम म्हणजे घर्षण कमी करणें. गिअरबॉक्समधील तेलाला मात्र एकाच वेळीं दोन परस्परविरुद्ध कामें करावीं लागतात. दंतचक्रें व बेअरिंगें यांच्यामध्यें शिरून त्यानें तेथें निसरडेपणा आणावयाचा, आणि तेलांतच बुडालेल्या क्लचच्या तबकड्या एकमेकींवर दाबल्या गेल्या कीं त्या निसटूं न देतां नेमक्या तेवढ्याच धरूं द्यावयाच्या. शिवाय झडपांतून दाबानें वाहून कोणता गिअर पडावा याचा हुकूम पोंचविणेंहि त्याच्याकडेच. या सर्वांहून मोठें काम टॉर्क कन्व्हर्टरमध्यें चालतें. तेथें इंजिन आणि चाकें यांच्यामध्यें लोखंडाची जोडणी नसून तेलाची जोडणी असते; एका बाजूचीं पातीं तेल फेकतात व तें तेल दुसऱ्या बाजूचीं पातीं फिरवितें. ही युक्ति मूळची जहाजांची. हेर्मान फ्योटिंगर या जर्मन यंत्रज्ञानें १९०५ सालीं तिचें पेटंट घेतलें. १९३९ सालीं अमेरिकेंतील जनरल मोटर्सनें तेलाच्या जोडणीवर चालणारा 'हायड्रामॅटिक' गिअरबॉक्स ओल्ड्समोबील गाड्यांत घालून बाजारांत आणला, आणि १९४९ सालीं अशा तेलासाठीं 'टाइप ए' या नांवाचें प्रमाण ठरवून दिलें. त्या काळच्या तेलांत क्लचची पकड मऊ राहावी म्हणून स्पर्म व्हेल जातीच्या देवमाशाचें तेल मिसळीत असत! १९७० सालीं अमेरिकेनें हा प्राणी संकटग्रस्तांच्या यादींत घातला, तेव्हां कोठें रसायनतज्ज्ञांना त्याच्या ऐवजीं दुसरें द्रव्य शोधणें भाग पडलें.

आजच्या तेलांत देवमासा नाहीं, परंतु पकड सांभाळणारीं द्रव्यें आहेतच, आणि झिजतात तीं हींच. मूळ तेल फारसें नासत नाहीं. त्यांत घातलेलीं द्रव्यें उष्णतेनें व रगडण्यानें हळूहळू खर्च होतात. खर्च पुरता झाला म्हणजे कन्व्हर्टरचा क्लच धरतांना अडखळतो. सपाट रस्त्यावर, पाय हलका ठेवून गाडी चाललेली असतां, रस्त्यावरील आडव्या पट्ट्यांवरून गेल्यासारखी क्षणभर थरथर जाणवते. पुष्कळ मालक तिचा दोष टायरांना देतात.

'लाइफटाइम' या शब्दाची हकीकतहि ऐकण्यासारखी आहे. जर्मनींतील झेडएफ या कंपनीचा आठ गिअरांचा बॉक्स २००९ पासून अनेक गाड्यांत बसविला गेला. बीएमडब्ल्यू एक्स५ आणि जीप ग्रँड चेरोकी या एसयूव्ही त्यांपैकींच. अशा गाड्यांच्या बाबतींत 'तेल गाडीच्या आयुष्यभरासाठीं' हें वाक्य मालकाच्या कानांवर अनेकदां येतें. खुद्द बॉक्स घडविणाऱ्या झेडएफचा सल्ला मात्र निराळा आहे. वापर कसा आहे त्यावरून ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरांच्या दरम्यान, किंवा ८ वर्षांनीं, यांपैकीं जें आधीं येईल तेव्हां तेल बदलावें, असें ती कंपनी सांगते. अमेरिकेंत टोयोटाच्या फोररनर या एसयूव्हीच्या पुस्तिकांतहि, मागें गाडी ओढणाऱ्या अथवा जड ओझें वाहणाऱ्या मालकासाठीं ६०,००० मैलांवर, म्हणजे सुमारें ९६,००० किलोमीटरांवर, हें तेल बदलण्याची सूचना आढळते. मग 'आयुष्यभर' म्हणजे कोणाचें आयुष्य? हमीची मुदत संपेपर्यंतचें, पहिल्या मालकानें गाडी विकेपर्यंतचें, कीं गाडी भंगारांत जाईपर्यंतचें? वर्कशॉपमधील तरुण खोटें बोलत नाहीं. त्याच्या पुढ्यांतील यादींत तें काम लिहिलेलेंच नसतें. परंतु ज्या घरांत एकच मोठी गाडी घेऊन ती पंधरा वर्षें चालवावयाची असते, किंवा जें घर अशीच सात वर्षांची गाडी दुसऱ्याकडून विकत घेतें, त्या घरासाठीं ती यादी लिहिलेली नाहीं हें उघड आहे.

आतां कळीचा मुद्दा. किलोमीटरांचा आंकडा हा तेलाच्या वयाचा खरा हिशेब नव्हे. खरा हिशेब तेलानें सोसलेल्या उष्णतेचा. अमेरिकेंतील गॅरेजांतून एक जुनें कोष्टक प्रचलित आहे. तेल सुमारें ८० अंश सेल्सिअसवर राहिलें तर तें १,००,००० मैल टिकतें, ९० अंशांवर ५०,००० मैल, आणि शंभरी गांठल्यावर २५,००० मैल. म्हणजे दर दहा-अकरा अंशांमागें आयुष्य अर्धें. हें कोष्टक जुन्या खनिज तेलांचें आहे व आजचीं कृत्रिम तेलें पुष्कळ अधिक ताप सोसतात, तेव्हां त्यांतील आंकडे जसेच्या तसे घेऊं नयेत. परंतु दिशा तीच आहे.

आणि ही उष्णता येते कोठून? कन्व्हर्टरचीं पातीं जेव्हां वेगवेगळ्या गतीनें फिरत असतात, तेव्हां इंजिनाच्या शक्तीचा कांहीं भाग चाकांपर्यंत न पोंचतां तेलांतच घुसळला जातो. मोकळ्या रस्त्यावर एका वेगानें गाडी चालली म्हणजे कन्व्हर्टरचा क्लच दोन्ही बाजू एकत्र बांधतो व घुसळणें थांबतें. म्हणून सरळ महामार्गावर पुण्याहून बंगळूरला जाऊन येणें हें तेलाला फारसें जड जात नाहीं. उलट दोन टन वजनाची गाडी, आंत सात माणसें, वर कॅरिअरला सामान, मे महिन्याची दुपार, पुढें उसाचा ट्रक, आणि पसरणीच्या घाटांत ताशीं पंधरा किलोमीटरांच्या गतीनें थांबत-सरकत चढणें, ही त्या तेलाची खरी परीक्षा. सुटीच्या दिवशीं बोरघाटांत अडकलेल्या रांगेंत हेंच घडतें. मालकापुढील कांटा मात्र मध्यावर स्वस्थ असतो, कारण तो इंजिनाच्या पाण्याचें तापमान दाखवितो. गिअरबॉक्सच्या तेलाचें नव्हे. घाटांत गिअर हातानें खालचा घेऊन ठेवला तर कन्व्हर्टर पुष्कळदां बांधलेला राहतो व तेल कमी तापतें. एवढी सोय बहुतेक गाड्यांत असते. ती वापरणारे थोडे.

याच दृष्टीनें त्या पुण्याच्या कुटुंबाचा हिशेब मांडावा. ६८,००० हा आंकडा झेडएफच्या ८०,००० च्या अलीकडे आहे. पण ८ वर्षांची मर्यादा दारांत आली आहे, आणि वापर दोन्ही अंगांनीं कठीण, गर्दीचा व घाटाचा. अशा गाडीनें ८०,००० ची वाट पाहण्यांत अर्थ नाहीं. याच वयाची दुसरी एखादी गाडी ९०,००० किलोमीटर केवळ महामार्गावर धांवलेली असेल, तर तिचें तेल याहून तरुण निघणें शक्य आहे.

तेलाच्या रंगावरून निर्णय करण्याची जुनी रीत आतां अपुरी आहे. हें तेल मुळांत लाल असतें, पण तो रंग वरून घातलेला; गळती कोठली हें ओळखतां यावें यासाठीं. तो गेला म्हणजे तेल गेलें असें नाहीं, कारण कित्येक नवीं तेलें लवकर काळवंडूनहि काम नीट देतात. वास मात्र अधिक विश्वासाचा. करपलेला वास आला तर क्लचचें अस्तर जळूं लागलें असें समजावें. आणखी एक खूण आहे, तिच्यापुढें किलोमीटर व वर्षें दोन्ही गौण. पावसाळ्यांत साचलेल्या पाण्यांतून गाडी काढली आणि नंतर तेल गुलाबी दुधासारखें दिसलें, तर आंत पाणी शिरलें आहे. क्लचचें अस्तर कागदासारख्या तंतूंचें असून तें डिंकानें चिकटविलेलें असतें. पाण्यानें तें सुटूं लागतें. अशी गाडी चालवीत गॅरेजला नेऊं नये, उचलून न्यावी.

राहिली गल्लींतील मेकॅनिकची भीति. ती निराधार नाहीं. दीड-दोन लाख किलोमीटर तेंच तेल घेऊन धांवलेल्या बॉक्समध्यें तेल बदललें आणि महिन्याभरांत बॉक्स बसला, असें त्यानें डोळ्यांनीं पाहिलेलें असतें. परंतु मालक त्या वेळींच तेल बदलावयास कां आला, हें तो विसरतो. बहुधा गिअर उशिरां पडूं लागले होते, धक्के बसत होते. म्हणजे अस्तर आधींच झिजलेलें होतें. वैद्याकडे नेल्यानंतर रोगी दगावला म्हणून वैद्यानें मारला असें होत नाहीं. तरीहि एक गोष्ट खरी आहे. झिजलेल्या अस्तराची पूड जुन्या तेलांत तरंगत राहून कांहीं काळ पकडीला आधार देते, आणि नवें तेल तो आधार काढून घेतें. म्हणून गिअर घसरूं लागल्यावर तेल हें औषध नव्हे. तेथें आधीं दोष शोधावा. ज्या बॉक्सचें काम अद्याप निर्दोष आहे, त्याचें तेल मात्र उशिरां कां होईना बदलणें हिताचेंच. फक्त मेहुण्याच्या मशीनचा जोर तेथें नको. बुडाशीं बसलेला गाळ दाबानें उठून झडपांच्या बारीक वाटांत अडकण्याचें भय असतें.

त्याऐवजीं खालचें बूच काढून जेवढें उतरेल तेवढें तेल उतरूं द्यावें. बरेंचसें तेल कन्व्हर्टरमध्यें व थंड करणाऱ्या नळ्यांत अडकून राहतें, म्हणून एका खेपेस सगळें बदलत नाहीं. समजा शंभरांत ४० भाग बदललें, तर कांहीं शें किलोमीटर गाडी चालवून तेंच दुसऱ्यांदा केल्यावर नवें तेल ६४ भाग होतें व तिसऱ्या खेपेस ७८ च्या वर जातें. खालचें भांडें उघडलें तर त्यांतील लोहचुंबक पाहावा. त्यावर करड्या रंगाची मऊ लोण्यासारखी पूड असणें स्वाभाविक आहे. धातूचे कपचे किंवा तारा दिसल्या तर मात्र तेथेंच थांबावें. झेडएफच्या या बॉक्समध्यें भांडें प्लास्टिकचें असून गाळणी त्याच्याच अंगांत असते, त्यामुळें दोन्ही एकदमच नवीं घालावीं लागतात.

तेलाची जात पुस्तिकेंत सांगितलेलीच पाहिजे. बाजारांत 'ऑटोमॅटिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या सर्वच गाड्यांत टॉर्क कन्व्हर्टर नसतो. कोणांत पट्ट्यावर चालणारा सीव्हीटी असतो, कोणांत दोन क्लचचा डीसीटी, तर कोणांत साधाच गिअरबॉक्स यंत्रानें हलविलेला असतो. त्या प्रत्येकाचें तेल निराळें. एकाचें दुसऱ्यांत घालणें म्हणजे निरोगी बॉक्स हातानें मारणें.

तेल भरतांनाहि घाई उपयोगाची नाहीं. बऱ्याच नव्या गाड्यांत तेल मोजण्याची कांडी नसतेच. गाडी सपाटीवर उभी करून, इंजिन चालूं ठेवून, तेलाचें तापमान यंत्रावर पाहत पातळी ठरवावी लागते. झेडएफच्या बॉक्समध्यें तें ३० ते ५० अंशांच्या दरम्यान असावें लागतें. तापलेलें तेल फुगतें, म्हणून गरम बॉक्सवर मापलेलें पुरेसें तेल थंडींत कमी पडतें. जें गॅरेज हें तापमान न पाहतां बूच बसवितें, तेथें काम न केलेलें बरें.

काम झाल्यावर उतरलेलें तेल किती लिटर व भरलेलें किती लिटर, तेलाचें पूर्ण नांव, मीटरचा आंकडा व तारीख हें सर्व गाडीच्या पुस्तिकेंत शाईनें लिहून घ्यावें. पुढें केव्हां तरी ती गाडी दुसऱ्याच्या दारांत जाऊन उभी राहील, आणि तेव्हां त्या घरच्या माणसाला तीन तोंडांना विचारीत फिरावें लागणार नाहीं.