भिंत पाडण्यापूर्वी

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



आपल्या चिटणीसबाईंनी मला घराच्या दुरुस्तीवर चार शब्द बोलायला सांगितले, तेव्हा मी म्हटले, "अहो, मी काही इंजिनिअर नव्हे." त्यावर त्या हसून म्हणाल्या, "म्हणूनच बोला. तुम्ही चूक करता करता वाचलात, हे साऱ्या आळीला ठाऊक आहे." तेव्हा आज मी उपदेश करायला उभी नाही, माझी फजिती सांगायला उभी आहे.

'घर पाहावे बांधून' असे आपण म्हणतो. पण बांधलेले घर मोडून पुन्हा नीट करणे हे त्याहून अवघड. नवे घर मोकळ्या जागेवर उभे राहते. इथे आपल्या डोक्यावर आणि पायाखाली दुसऱ्यांचे संसार चाललेले असतात.

आमची इमारत तीन मजली, साठ वर्षांची. आमचे बिऱ्हाड मधल्या मजल्यावर. स्वयंपाकघर असे अंधारे, की भरदिवसा दिवा लावून भाजी निवडावी लागे. मुलाचे लग्न ठरले आणि घर नवे करायची टूम निघाली. स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांमधली भिंत काढून एकच मोठी खोली करायची, असे ठरले. मुलाने मोबाईलवर चित्रे दाखवली, भावजींनी माना डोलावल्या. मिस्त्री आला, त्याने भिंतीवर दोनदा मूठ आपटली आणि म्हणाला, "काकू, ही नुसती पडदी आहे. दोन दिवसांत साफ करून देतो." आम्ही विसारही दिला.

सोमवारी घण पडायचा होता. रविवारी संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या आजी काठी टेकीत खाली आल्या. म्हणाल्या, "अगं, तुझ्या या भिंतीच्या बरोबर डोक्यावर माझी भिंत आहे. तिला काही व्हायचं नाही ना?" भगिनींनो, मला उत्तर देता येईना. मी सगळ्या घराला विचारले; कुणालाच देता येईना. त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी उठून मी काम थांबवले आणि सोसायटीच्या चिटणिसांकडून एका स्ट्रक्चरल इंजिनिअरचा पत्ता घेतला.

आली ती माझ्या मुलीच्या वयाची. हातात टेप, हातोडी आणि बॅटरी. तिने भिंतीवर मूठ आपटली नाही. आधी दाराच्या चौकटीपाशी भिंतीची जाडी मोजली. गिलावा वजा जाता नऊ इंच भरली. मग ती वर आजींकडे गेली, मग तळमजल्यावर गेली. तिन्ही मजल्यांवर एका रेषेत तीच भिंत! परत येऊन ती म्हणाली, "काकू, तुमच्या इमारतीला खांबच नाहीत. या भिंती हेच खांब. ही पाडली, तर आजींची भिंत आणि वरची स्लॅब कशावर उभी राहायची?"

तिने मला समजावून दिले ते असे. जुन्या लोडबेअरिंग इमारतीत सगळा भार भिंती पेलतात. आर. सी. सी. च्या सांगाड्यात तो स्लॅबवरून बीमवर, बीमवरून कॉलमवर आणि तिथून पायात उतरतो. मधली विटांची भिंत तिथे बहुधा नुसता आडोसा असते. पण अलीकडच्या काही इमारतींत भिंतीच काँक्रीटच्या ओतलेल्या असतात, आणि त्याही भार घेतात. वरून रंग लावला की सगळ्या सारख्याच दिसतात. नकाशा आणि जागा दोन्ही पाहिल्याशिवाय जाणकारसुद्धा बोलत नाही.

हे भय उगाच घातलेले नाही. २५ जुलै २०१७ रोजी मुंबईत घाटकोपरला सिद्धी साई ही इमारत कोसळून १७ माणसे दगावली. तळमजल्यावरच्या फेरबदलाच्या कामात खांबांना हात लावल्याचा आरोप झाला आणि गुन्हा नोंदला गेला. जे गेले, त्यांतल्या कितीकांनी आपल्या घरातला खिळासुद्धा हलवला नसेल.

पाडण्याइतकेच वाढवण्याचेही जपावे लागते. दहा फूट लांब, दहा फूट उंच अशी साडेचार इंची विटांची भिंत सुमारे दोन टन भरते. ती स्लॅबच्या मध्यावर वाटेल तशी उभी करता येत नाही. जुनी फरशी न काढता तिच्यावर इंचभर मसाला आणि नवी फरशी घातली, तर शंभर चौरस फुटांच्या खोलीत सातशे किलोंच्या आसपास बोजा वाढतो. पुढे आलेल्या गॅलरीचे तर आणखीच निराळे. तिचे वजन तोलणाऱ्या मुख्य सळया वरच्या अंगाला असतात. फरशी उखडताना घण खोल गेला की घाव नेमका त्यांच्यावर बसतो.

आता खरी गंमत ऐका. सगळे पाहून झाल्यावर तिने विचारले, "काकू, तुम्हांला ही भिंत कशासाठी काढायची आहे?" हा प्रश्न मला तोवर कुणीच विचारला नव्हता! मी म्हटले, "उजेडासाठी ग." तिने खिडकीकडे बोट दाखवले. आम्हीच पूर्वी केलेल्या कपाटाने निम्मी खिडकी झाकली होती. कपाट हलवले, ओटा खिडकीखाली घेतला, भिंतींना पांढरा रंग दिला. ओट्याची उंचीही तिने माझ्या कोपराखाली चार इंच धरून ठरवली. स्वयंपाकघर उजळले, कंबरदुखी कमी झाली आणि भिंत जागच्या जागी राहिली. तिची फी तरी किती? पाडलेल्या भिंतीचा राडारोडा उचलायला जे पडले असते, त्याहून कमी.

मिस्त्रीला मी नावे ठेवीत नाही. पुढचे सारे काम त्यानेच केले आणि सुरेख केले. पण हाताचे कसब वेगळे आणि भाराचे गणित वेगळे. ज्याचे काम त्यालाच विचारावे.

म्हणून, तुमच्यापैकी कुणाच्या घरी काम निघायचे असेल, तर एवढे ध्यानात ठेवा. भिंत, खांब, स्लॅब यांना हात लागणार असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअर. आणि सोसायटीची व नगरपालिकेची परवानगी आधी. खोल्यांची रचना, उजेड, वारा यांसाठी आर्किटेक्ट. १९७२ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्यालाच ते नाव लावता येते, तेव्हा नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. गीझर, एअरकंडिशनर वाढणार असतील, तर तारा आणि अर्थिंग परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्या. न्हाणीघराचे काम असेल, तर फरशी बसण्यापूर्वी पाणी भरून दोन दिवस ठेवा आणि खालच्या बिऱ्हाडात जाऊन छत पाहून या. सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीची दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुनीची दर तीन वर्षांनी तपासणी व्हायची असते. तो अहवाल मागून वाचा.

सल्ला शक्यतो अशाकडून घ्या, ज्याला आपल्याला काही विकायचे नाही. फी आधी ठरवा. सल्ला तोंडी नको. सहीनिशी कागदावर, आकृतीसह घ्या. आणि बोलणी चालली असताना चहा करायला आत जाऊ नका. ओट्याशी आयुष्य आपण काढतो, तर आपले म्हणणेही तिथेच बसून सांगा.

शेवटी एकच सांगते. इंजिनिअरचा कागद हातात आला, तेव्हा मी तो पहिल्यांदा आजींना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "आता मला झोप लागेल." भगिनींनो, भिंत आपल्या घरात असली, तरी ती एकट्या आपली नसते. तिच्यावर घण घालण्यापूर्वी, वरच्या बिऱ्हाडातले कुणी विचारायला खाली आले तर आपल्यापाशी उत्तर आहे ना, एवढे पाहा.