वाख, धागा आणि सळई



परभणीत काँक्रीटवर बोलायचं आणि उन्हाचं नाव घ्यायचं नाही, हे जमणार नाही. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांवर, हवा कोरडी, त्यात दुपारचा वारा. मिस्त्री स्लॅबवर रंधा फिरवून खाली उतरतो न उतरतो तोच वर केसासारख्या चिरा धरू लागतात. खडी-वाळू खाली बसते, पाणी वर येतं. पण जेवढं वर येतं त्याहून जास्त उडून गेलं की वरचा थर आवळतो, आणि ओल्या काँक्रीटला तेव्हा ताण सोसायची ताकदच नसते. तासाला चौरस मीटरमागे एक किलो पाणी उडू लागलं की धोका ओळखावा, असा जुना ठोकताळा आहे.

पॉलिप्रॉपिलीनच्या धाग्याचं खरं काम या पहिल्या काही तासांतलं. बारा मिलिमीटर लांब, केसाहून बारीक, घनमीटरला साधारण ९०० ग्रॅम. म्हणजे आकारमानाने हजारात एक भाग. एवढ्या मालाने चिरा आवरतात, भार पेलायची ताकद वाढत नाही. तरी ‘फायबर टाकलंय, सळई जरा लांब लांब बांधली तरी चालतंय’ असं साइटवर बिनदिक्कत बोललं जातं. हे ऐकलं की मी काम थांबवा म्हणतो. धागा टाकला म्हणून आळी करून पाणी भरणंही सुटत नाही. आणि मे महिन्यात स्लॅब संध्याकाळीच टाकावा, एवढं तरी पाळू या.

पोलादी तंतूंची गोष्ट वेगळी. ते घनमीटरला वीस-तीस किलो किंवा त्याहून जास्त पडतात आणि चीर गेल्यावरही दोन्ही काठ धरून ठेवतात. कारखान्यातली जमीन, काँक्रीटचे रस्ते ही त्यांची ठिकाणं. भारतीय रोड काँग्रेसची ‘एसपी ४६’ ही मार्गदर्शिका रस्त्यांसाठीच आहे. तिच्या भरवशावर घराच्या बीममधली सळई काढू नका.

आपल्याकडच्या निम्म्या तक्रारी तर काँक्रीटच्या नसतातच, काळ्या मातीच्या असतात. पावसात ती फुगते, उन्हात आकसते, पाया हलतो आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते. त्यावर धाग्याची पुडी हे औषध नव्हे. तिथे पाया खोल न्या, मुरूम भरा, रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने रुळवलेल्या अंडररीम पाइलचा विचार करा.

आता आपल्या वाखाकडे येतो. वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू आहेत, हे राजदेव सिंग आणि मिलिंद सरदेसाई यांनी २०१६ साली ‘करंट सायन्स’मध्ये मांडलं. आपल्या गढ्यांच्या पांढऱ्या मातीतही भुसा तुडवलेला असायचा. तेव्हा अंबाडीचा किंवा बांधावरच्या घायपाताचा वाख सिमेंटात का नको, असं तरुण मित्र विचारतात. अंबाडी भाजीपुरती उरली, कासरे-दावी नायलॉनची झाली. वाखाला नवं गिऱ्हाईक मिळालं तर मलाही हवंच आहे.

पण माती वेगळी, सिमेंट वेगळं. सिमेंटच्या क्षारात वाखातले लिग्निनसारखे बांधून ठेवणारे घटक विरघळतात, पोकळीत चुना साचतो आणि काही वर्षांत तंतू ठिसूळ होतो. काथ्या त्यातल्या त्यात तग धरतो. शिवाय कोरडा वाख मिक्सरमधलं पाणी पितो आणि लांब राहिला तर त्याचे गोळे होतात. म्हणून दोन-तीन सेंटिमीटर कापून, भिजवून, थोडा थोडा सोडायचा. चुना खाणारी राख तर शेजारी परळीच्या औष्णिक केंद्रात आहे. सिमेंटचा काही हिस्सा तिने बदलला तर वाखाचं आयुष्य वाढतं.

सुरुवात गव्हाणी, फरश्या, गिलावा यांपासून करा, जिथे तुटलं तरी कुणाच्या डोक्यावर पडणार नाही. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात कृषी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. वाख त्यांच्याकडून, साचे आपल्याकडून. अठ्ठावीस दिवसांच्या ताकदीचा आकडा दाखवून कुणी मला खूश करू नये. एकाच मिश्रणाच्या फरश्या करा, काही घरात ठेवा, काही गच्चीवर दोन पावसाळे पडू द्या, मग दोन्ही माझ्यासमोर मोडा.