तीन शहरं, एक लोकल

उल्हासनगरला लोकल पकडली की पुढचं स्टेशन अंबरनाथ आणि त्यापुढे बदलापूर. साधारण पाव तासाचा प्रवास. तेवढ्या वेळात एका नाक्यावरचं भांडण दुसऱ्या शहरातल्या कॉलेजच्या फाटकाशी पोहोचतं. कुणी ‘भाई’ वाढदिवसाला तलवारीने केक कापतो, ते चित्रण मोबाइलवर फिरतं आणि पलीकडच्या पोरांना ते आव्हान वाटतं. पुढच्या खेपेला तलवार केकसाठी निघत नाही.

ठाणे पोलिसांच्या कारभारात ही तिन्ही शहरं एकाच परिमंडळात, चौथ्यात, येतात. पण पोलिसांच्या हाती पोरगा लागतो तो बहुधा हत्यार उचलल्यावर. त्याआधी त्याला जे हवं असतं, म्हणजे मैदान, अभ्यासिका, व्यायामशाळा, ते पालिकांकडे; आणि पालिका तीन.

तडीपारीचंच घ्या. कायद्याने दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर काढता येतं. शहर हुश्श करतं. पण तो तरुण हवेत विरत नाही. दुसऱ्या कुठल्या तरी नाक्यावर उभा राहतो, आणि या पोरांत तडीपारी ही पदवीच समजली जाते.

याच ठाणे जिल्ह्यातली भिवंडी १९८४च्या दंगलीत होरपळली होती. १९८८मध्ये तिथे पोलीस उपायुक्त असलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या सुरू केल्या. दंगल नसताना, साध्या दिवसांत, पोलीस आणि मोहल्ल्यातली माणसं एकत्र बसू लागली. १९९२-९३मध्ये मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. दंगल निराळी, टोळी निराळी, हे मला मान्य आहे. पण आधी बसायची ती रीत इथेही चालेल. कॅलिफोर्नियातल्या १३ शहरांनी २००६मध्ये टोळ्या रोखण्यासाठी असंच जाळं उभारलं.

आपल्याकडे २०१५च्या बालन्याय कायद्यानुसार प्रत्येक पोलीस ठाण्यात बालकल्याण पोलीस अधिकारी नेमायचा असतो. हे अधिकारी, तिन्ही पालिकांची माणसं आणि मुख्याध्यापक यांनी महिन्यातून एकदा भेटावं, एवढंच माझं म्हणणं. उल्हासनगरच्या शाळेतून नववीत गळालेला मुलगा बदलापूरला मावशीकडे राहायला गेला, तर त्याची चौकशी कोणत्या पालिकेने करायची? नाक्यावरचा भाई ती दुसऱ्याच दिवशी करतो.

बैठक कुठे घ्यायची, यावरून वाद होईलच. अंबरनाथला घ्या. ते मधोमध पडतं.